आजारपणाच्या रजेच्या यादीत ‘कारण’ लिहून ठेवायला जीडीपीआरची (युरोपीय संघाच्या डेटा संरक्षण कायद्याची) परवानगी आहे का?

रुहरकाठ

नमस्कार मंडळी. मी डॉर्टमुंडमध्ये एका मध्यम आकाराच्या कंपनीत काम करते. नुकतीच टीम लीड झाले आणि आधीच्या लीडकडून ज्या फायली माझ्याकडे आल्या, त्यांत एक एक्सेल शीट आहे: कोण कधी आजारी होतं त्याची. नाव, कधीपासून, कधीपर्यंत, एकूण दिवस. इथवर काही वाटलं नाही. पुढचा कॉलम आहे ‘कारण’. त्यात ‘पाठ’, ‘मायग्रेन’, ‘मूल आजारी’ असं लिहिलंय. एका नावापुढे पुन्हापुन्हा ‘बहुतेक मानसिक’. आणि एकीपुढे ‘ऑपरेशन, कसलं ते सांगत नाही’. तिच्या शेजारी बसून मी रोज काम करते. वाचून फार अवघडल्यासारखं झालं.

शीट शेअर्ड ड्राइव्हवर आहे आणि सगळे टीम लीड ती उघडू शकतात.

मॅनेजरना विचारलं. ते म्हणाले, रुजू होताना प्रत्येकाने संमतिपत्रावर सही केलेली आहे, त्यात ‘आरोग्यविषयक माहितीसह माझी माहिती कंपनीच्या कामासाठी वापरायला माझी हरकत नाही’ असं स्पष्ट वाक्य आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही. वर असंही म्हणाले, की पगारपत्रकात आपण लोकांचा धर्म नोंदवतोच, तो तर ह्याहून नाजूक, मग हेच का चालू नये? ह्यावर मला काही बोलता आलं नाही.

सही असेल तर खरंच चालतं का? आणि चालत नसेल तर ह्या जुन्या शीटचं मी काय करू? गुपचूप डिलीट करावीशी वाटतेय.

कोडवाला

मला हा मुख्यतः सुरक्षेचा प्रश्न वाटतो. फाइल एन्क्रिप्ट करा, ड्राइव्हवरची परमिशन तुम्ही आणि एचआर इतकीच ठेवा, कोणी कधी उघडली त्याचा लॉग चालू करा. एवढं केलं की डेटा सुरक्षित झाला. सह्याही आहेत म्हणताय, म्हणजे कागदपत्रांची बाजूही भक्कम दिसते.

मेघना_कोलोन

मी इथे डेटा प्रोटेक्शनमध्येच काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. रुहरकाठ, तुम्हाला अवघडल्यासारखं झालं ते अगदी बरोबर झालं. ती शीट कायद्यात बसत नाही.

कोडवाला, परमिशन आवळायला हव्यातच, पण तो नंतरचा प्रश्न. जी माहिती कंपनीकडे असायलाच नको ती एन्क्रिप्ट केल्याने वैध होत नाही.

जीडीपीआरचं कलम ९ कसं रचलंय ते आधी बघा, गोंधळ तिथूनच सुरू होतो. नाव, पत्ता, पगार अशा साध्या माहितीसाठी कलम ६ मधला, ती वापरण्याचा एखादा कायदेशीर आधार दाखवला की पुरतं. कलम ९ मात्र सरळ बंदीनेच सुरू होतं. वांशिक मूळ, राजकीय मतं, धार्मिक वा तात्त्विक श्रद्धा, कामगार संघटनेचं सदस्यत्व, जनुकीय माहिती, ओळख पटवण्यासाठी वापरलेली बायोमेट्रिक माहिती, आरोग्य, लैंगिक जीवन, लैंगिक कल: ह्या माहितीला हात लावायचा नाही. त्यानंतर दुसऱ्या परिच्छेदात दहा अपवाद येतात. त्यांपैकी एखाद्यात तुम्ही बसत असाल तरच पुढे जायचं. तुमच्या मॅनेजरांची सुरुवात ‘सही आहे, म्हणजे परवानगी आहे’ अशी होते. कायद्याची सुरुवात ‘परवानगी नाही’ अशी आहे.

आणि अपवाद सापडला म्हणून कलम ६ सुटत नाही, दोन्ही लागतात. ह्यावर युरोपीय न्यायालयाचा २१ डिसेंबर २०२३ चा एक निकाल आहे, खटला क्रमांक सी-६६७/२१, आणि त्याची हकीकत तुमच्या प्रश्नाच्या फार जवळची आहे. नॉर्डराइनमध्ये आरोग्य विम्याची एक वैद्यकीय तपासणी संस्था आहे. माणूस कामाला खरंच असमर्थ आहे का, हे विमा कंपनीच्या सांगण्यावरून तपासणं हे तिचं काम. तिच्याच आयटी विभागातला एक कर्मचारी लांबलचक आजारी पडला आणि त्याच्या तपासणीचं काम विमा कंपनीकडून नेमकं त्याच्या मालकाकडे, म्हणजे ह्याच संस्थेकडे आलं. संस्थेच्या डॉक्टरने त्याच्या डॉक्टरला फोन केला तेव्हा त्या कर्मचाऱ्याला हे कळलं. मग त्याने आयटीतल्या एका सहकाऱ्याला अर्काइव्हमधला तो अहवाल शोधायला लावला आणि मोबाइलवर त्याचे फोटो मागवून घेतले. विचार करा, स्वतःच्या आजाराचा अहवाल ऑफिसातल्या सहकाऱ्याला उघडता येतो! न्यायालयाने सांगितलं, की मालकच तपासणी संस्था असला तरी वैद्यकीय मूल्यमापनाचा अपवाद त्याला लागू होऊ शकतो, पण गोपनीयतेच्या अटी पाळाव्या लागतात आणि कलम ६ मधला आधार वेगळा दाखवावाच लागतो.

आता सहीबद्दल. ‘स्पष्ट संमती’ हा त्या दहांतला पहिलाच अपवाद आहे, म्हणून सगळे तिकडेच धावतात. पण संमती मोकळ्या मनाने दिलेली हवी, ठरावीक हेतूसाठी हवी, आणि ती कधीही मागे घेता यायला हवी. नोकरीच्या पहिल्या दिवशी करारासोबत समोर ठेवलेल्या कागदावर कोण नाही म्हणेल? जर्मनीच्या डेटा संरक्षण कायद्याचं, बीडीएसजीचं, कलम २६ हेच विचारायला लावतं: कर्मचारी मालकावर किती अवलंबून आहे, आणि कोणत्या परिस्थितीत त्याने हो म्हटलं? संमतीतून कर्मचाऱ्याचा काही फायदा होत असेल, किंवा दोघांचं हित एकाच दिशेला असेल, तर ती मोकळी मानता येते. तुमच्या शीटमधून त्या ‘ऑपरेशन’वाल्या सहकारीचा काय फायदा? शिवाय ‘कंपनीच्या कामासाठी’ हा काही हेतू झाला नाही, त्यात जगातलं काहीही बसतं.

संमती मोकळी आहे का हे ओळखायला मी लोकांना एकच प्रश्न विचारते: उद्या एखाद्याने ‘माझी संमती मी काढून घेतो’ म्हटलं तर तुम्ही काय कराल? उत्तर द्यायला समोरचा अडखळला, तर ती संमती नव्हतीच.

स्वीडनमधल्या शेलेफ्टियो इथल्या शाळेचं उदाहरण बघा. २२ विद्यार्थ्यांची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याने घेऊन बघितली. संमती घेतली होती, तरी २०१९ मध्ये २ लाख क्रोनरचा दंड झाला. विद्यार्थी शाळेवर अवलंबून असतो, तेव्हा ती संमती धरता येत नाही, आणि हजेरी ह्याहून साध्या मार्गाने घेता येते, असं तिथल्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने म्हटलं.

मग मालकाने आजारपणाची नोंद ठेवायचीच नाही का? ठेवायची, पण वेगळ्या आधारावर. नोकरी आणि सामाजिक सुरक्षेच्या कायद्यांतली कर्तव्यं पार पाडायला जेवढी माहिती आवश्यक आहे तेवढ्यासाठी कलम ९ मध्ये स्वतंत्र अपवाद आहे, आणि बीडीएसजीच्या २६(३) मध्ये तो जर्मनीपुरता उतरवलाय. इथे सगळी मदार ‘आवश्यक’ ह्या अटीवर आहे. आजारपणात सहा आठवडे पगार चालू ठेवायचा तर मालकाला तारखा लागतात. कारण लागत नाही.

जर्मनीची व्यवस्थाच ह्या विचारावर उभी आहे. पूर्वीच्या कागदी सर्टिफिकेटच्या वेगवेगळ्या प्रती असत. विमा कंपनीच्या प्रतीवर निदानाचा कोड असे, मालकाच्या प्रतीवर नसे. पण मालकाच्या प्रतीवरही डॉक्टरचा शिक्का यायचा. मानसोपचारतज्ज्ञाचा शिक्का असला, की निदान लिहिण्याची गरजच उरत नसे. १ जानेवारी २०२३ पासून सरकारी विम्यातल्या लोकांची नोंद मालक थेट विमा कंपनीकडून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मागवतो, आणि त्यात तारखा असतात, पहिलं सर्टिफिकेट की पुढचं तेवढं असतं, डॉक्टर कोण ते नसतं. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. कागदावरून नुसता एक शिक्का गेला आणि कितीतरी लोकांची दर वेळची धाकधूक गेली.

तुमचे मॅनेजर एक मुद्दा काढू शकतात, तो आधीच सांगते. तोच आजार पुन्हा उलटला तर सहा आठवड्यांची मोजणी नव्याने सुरू होतेच असं नाही, म्हणून ‘तोच आजार की दुसरा’ हे मालकाला कळायला हवं. खरंय. पण त्यासाठीही निदान लागत नाही. विमा कंपनीला विचारायचं, ती ‘हो, एकाच आजाराचे दिवस आहेत’ किंवा ‘नाही’ एवढंच कळवते. म्हणजे ज्या एका जागी कारणाचा संबंध येतो तिथेही कायद्याने मालकाला ते न सांगता काम होईल अशी सोय केली आहे. अपंगत्वाचंही तसंच. ज्याच्याकडे तीव्र अपंगत्वाचं कार्ड आहे त्याला वर्षाला पाच दिवसांची जादा रजा मिळते. ती द्यायला मालकाला कार्ड बघावं लागतं, पण कार्डावर अपंगत्वाचं प्रमाण असतं, आजाराचं नाव नसतं.

धर्माचं उत्तर आता सोपं होईल. जर्मनीत चर्च टॅक्स मालकाला पगारातून कापून भरावा लागतो, बायर्न आणि बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. त्यासाठी कर खात्याकडून येणाऱ्या माहितीत तो तपशील असतोच. कायद्याने हे कर्तव्य टाकलंय आणि त्या तपशिलाशिवाय ते पार पडत नाही. धर्म कमी नाजूक आहे म्हणून तो चालतो असं नाही. पण तोच तपशील कोणी पगारपत्रकातून उचलून सणांच्या शुभेच्छांच्या यादीत टाकला, तर तिथे हा आधार संपला. परवानगी त्या एका हेतूपुरती असते.

‘बहुतेक मानसिक’ ह्या नोंदीचा मला सर्वांत जास्त त्रास झाला. हा तर कोणाचा तरी अंदाज आहे. अंदाज म्हणून तो कलम ९ मधून निसटत नाही. लिथुआनियाच्या एका प्रकरणात (सी-१८४/२०, १ ऑगस्ट २०२२) युरोपीय न्यायालयाने सांगितलंय, की जोडीदाराचं नाव जाहीर केल्याने लैंगिक कलाचा अंदाज बांधता येत असेल, तर तीही संवेदनशील माहितीच. इथे तर अंदाज बांधून लेखी ठेवलाय, आणि तो चुकीचा असेल तर माहिती अचूक ठेवण्याची जबाबदारीही मोडली.

हे असं पुढे कुठे जातं त्याचं जर्मनीतलं उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं. न्यूर्नबेर्गमधल्या एचअँडएमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये लोक सुट्टीवरून किंवा आजारपणावरून परतले की वरिष्ठ त्यांच्याशी गप्पा मारत आणि आजाराची लक्षणं, निदान, घरातल्या अडचणी, धर्म असं काय काय लिहून ठेवत. त्या नोंदी ५० पर्यंत मॅनेजरांना वाचता येत. ऑक्टोबर २०१९ मध्ये सेटिंगमधल्या चुकीने काही तास त्या कंपनीभर उघड्या पडल्या, तेव्हा प्रकरण बाहेर आलं. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅम्बुर्गच्या प्राधिकरणाने सुमारे ३ कोटी ५३ लाख युरोचा दंड केला.

आता शीटचं. गुपचूप डिलीट करू नका, ही माझी कळकळीची विनंती. एखाद्याने आधीच आपल्या माहितीची प्रत मागितली असेल, तर पुसून टाकणं तुमच्याच अंगाशी येईल. कंपनीच्या डेटा प्रोटेक्शन ऑफिसरला, म्हणजे डीपीओला, आजच लेखी कळवा. जर्मनीत नेहमी संगणकावर अशी माहिती हाताळणारे किमान २० लोक असले की डीपीओ नेमावाच लागतो, तेव्हा तुमच्याकडे असणार. सगळ्या लीडना ती दिसत होती हा अनधिकृत प्रवेश ठरतो का, म्हणजे प्राधिकरणाला ७२ तासांत कळवायचं का, हे तोलणं त्यांचं काम. ते घड्याळ कंपनीला कळल्यापासून चालू होतं, म्हणून उद्यावर ढकलू नका. बेट्रीब्सराट, म्हणजे कर्मचाऱ्यांची परिषद असेल तर त्यांनाही सांगा.

आणि पुसायची वेळ येईल तेव्हा कॉलम नुसता हाइड करून भागत नाही. जुनी व्हर्जन्स, मेलवर गेलेल्या प्रती, कोणी डेस्कटॉपवर उतरवून ठेवलेली फाइल, सगळं बघावं लागतं.

उट्रेख्तकर

वा, नीट उलगडून सांगितलंत. नेदरलँड्सचं थोडं जोडतो. इथे आजाराचं स्वरूप आणि कारण मालकाने विचारायचंच नाही. कर्मचाऱ्याने आपणहून सांगितलं तरी नोंदवायचं नाही, अगदी थोडे अपवाद सोडून, उदाहरणार्थ फिट येण्याचा धोका असेल आणि आजूबाजूच्यांना काय करायचं ते माहीत असणं गरजेचं असेल तर. माणूस कोणतं काम करू शकतो आणि किती तास, हे कंपनीचा डॉक्टर मालकाला कळवतो, निदान त्याच्यापाशीच राहतं. इथल्या प्राधिकरणाने एका मेंटेनन्स कंपनीला १५ हजार युरोचा दंड केला तो अगदी तुमच्यासारख्याच यादीसाठी: आजारी लोकांची कारणं लिहिलेली यादी, आणि तीही ऑनलाइन, लॉगिनशिवाय उघडणारी. दुसऱ्या एका कंपनीला हजेरीसाठी बोटांचे ठसे घेतल्याबद्दल २०२० मध्ये ७ लाख २५ हजार युरो भरायला लावले. तिथेही ‘लोक तयार होते’ हा बचाव टिकला नाही.

सायली_व्हिएन्ना

एक शंका. त्या सहकारीने आपलं ऑपरेशन स्वतःच कॉफीच्या वेळी चारचौघांत सांगितलं असेल तर? ‘व्यक्तीने स्वतः जाहीर केलेली माहिती’ असा अपवाद कलम ९ मध्ये आहे ना?

मेघना_कोलोन

आहे, पण ‘स्वतः उघडपणे सार्वजनिक केलेली’ असा. चार सहकाऱ्यांना विश्वासाने सांगणं म्हणजे जगाला सांगणं नव्हे. आणि खरोखर जाहीर केलेल्या गोष्टीलाही मर्यादा आहे. ४ ऑक्टोबर २०२४ च्या सी-४४६/२१ ह्या निकालात तक्रारदाराने एका जाहीर चर्चेत आपल्या लैंगिक कलाचा उल्लेख केला होता. न्यायालय म्हणालं, ते वाक्य त्याने सार्वजनिक केलं असं धरता येईल, पण म्हणून फेसबुकच्या मालकाला इतर साइट आणि अ‍ॅपवरून त्याच विषयावरची त्याची माहिती गोळा करून जाहिरातींसाठी वापरायची मुभा मिळत नाही.

रुहरकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. डीपीओला त्याच दिवशी मेल केला. त्यांनी लगेच ड्राइव्हवरचा प्रवेश बंद करवला, ‘कारण’ कॉलमबद्दल मेघनाताई म्हणाल्या तेच म्हणाले, आणि इतर टीमच्या शीट्सही मागवल्यात. मॅनेजर नाराज आहेत, पण विमा कंपनी फक्त हो-नाही कळवते हे त्यांना माहीत नव्हतं. ते ऐकल्यावर त्यांचा आग्रह गळाला.

दोन गोष्टी अजून अडल्यात. आमच्या एका सहकाऱ्याला एपिलेप्सी आहे. त्याने स्वतःच मला सांगितलं, की फिट आली तर काय करायचं हे टीममधल्या दोघातिघांना माहीत असावं. हेही आता लिहायचं नाही का? आणि टीमच्या सहलीसाठी एचआरचा फॉर्म आलाय, त्यात ‘हलाल, कोशर, व्हेगन, अ‍ॅलर्जी (कृपया आजार लिहा)’ असे रकाने आहेत.

मेघना_कोलोन

फार चांगलं केलंत. डीपीओनी इतर टीमच्या शीट्स मागवल्या हे तर उत्तमच, अशी शीट एकाच टीममध्ये क्वचित असते.

एपिलेप्सीच्या बाबतीत स्पष्ट संमती अगदी चपखल बसते. मागणी त्याची आहे, फायदा त्याचा आहे, आणि नाही म्हटलं असतं तरी त्याचं काही बिघडलं नसतं. प्राण वाचवण्यासाठीचा वेगळा अपवाद आहे, पण तो माणूस संमती द्यायच्या स्थितीतच नसेल तेव्हाचा, म्हणजे तो बेशुद्ध पडल्यावर अँब्युलन्सच्या डॉक्टरला सांगण्यापुरता. आधीच्या तयारीला तो पुरत नाही. म्हणून त्याच्यासोबत बसा आणि एका पानावर लिहा: कोणाकोणाला सांगायचं (नावानिशी), नेमकं काय सांगायचं, कागद कुठे राहणार. ‘फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर ११२’ एवढं पुरतं. औषधं, आजाराचा इतिहास ह्यातलं काही नको. शब्द त्याचे असू देत, सही त्याची, आणि नको वाटलं तर एका वाक्यात रद्द करता येईल हेही त्यावर लिहा. त्याने टीम बदलली की पान फाडून टाका, आणि ज्यांना सांगितलं त्यांच्यात नवं नाव घालायचं झालं तर आधी त्याला विचारा.

सहलीच्या फॉर्ममध्ये प्रश्नच उलटा विचारलाय. किचनला कारण नको असतं, काय वाढायचं आणि काय टाळायचं ते हवं असतं. ‘डुकराचं मांस नको’, ‘शेंगदाणे नकोत’ असे पर्याय ठेवा आणि आजाराचा रकाना काढून टाका. ‘हलाल’वर खूण करणं म्हणजे बहुतेक वेळा धर्म सांगणंच, त्यामुळे पूर्ण निनावी होत नसलं तरी नावं किचनकडे पाठवायची गरज नाही, ‘अमुक इतकी ताटं अशी’ पुरे. ज्यांची अ‍ॅलर्जी गंभीर आहे त्यांनी हवं तर थेट किचनशी बोलावं. सहल झाली की दुसऱ्या दिवशी फॉर्मची उत्तरं पुसायची, आणि ती कोण पुसणार त्याचं नाव फॉर्म पाठवतानाच ठरवून टाका. ते ठरलेलं नसलं की पुढच्या वर्षी कोणीतरी तीच यादी पुन्हा उघडतं.